ओठांवरचा भार

माझ्याकडे क्लॅरिनेट शिकायला येणाऱ्या एका मुलीने मागे एकदा हट्टच धरला. तिचं प्लास्टिकचं, नवशिक्यांसाठी बनवलेलं क्लॅरिनेट आणि माझं काळ्या लाकडाचं, व्यावसायिक दर्जाचं क्लॅरिनेट, अशा दोन्हींवर मी एकच ओळ वाजवायची. माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, तोच. त्यावरची रीड, म्हणजे फुंकेने थरथरणारी बोरूची पातळ पट्टी, तीही तीच. ती फोनवर टेप करणार आणि मग डोळे मिटून ऐकणार. मी वाजवलं. पुढच्या वेळी ती आली ती थेट निकाल घेऊनच. म्हणाली, "ताई, मी पाच-सहा जणांना ऐकवलं. कुणालाच ओळखता आलं नाही. मलाही नाही." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंखुरं कुतूहल होतं. मग एवढ्या जास्तीच्या पैशांत नेमकं मिळतं काय, असा तिचा साधा प्रश्न. मी तिला काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. तो प्रश्न नंतर कितीतरी दिवस डोक्यात राहिला. रियाज करताना, रीड भिजवताना, केस बंद करतानासुद्धा.

खरं तर तिच्या बाजूने बोलणारे भलेभले लोक आहेत. जॉन बॅकस नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ साली सुषिर वाद्यांच्या भिंतींची कंपनं मोजून पाहिली आणि त्या कंपनांचा आवाजात वाटा जवळजवळ नाहीच, असा निष्कर्ष काढला. आवाज येतो तो आतल्या हवेच्या स्तंभातून. १९७१ मध्ये जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबं आणि लाकूड अशा तीन पदार्थांच्या पण आतून एकाच मापाच्या फ्लूट घेतल्या. ऐकणाऱ्यांना त्या ओळखता आल्या नाहीत, आणि हाताला वजन कळणार नाही अशी सोय केल्यावर वाजवणाऱ्यांनाही आल्या नाहीत. म्हणजे लाकडाचा ऊबदार सूर, प्लास्टिकचा कोरडा सूर वगैरे जे आपण बोलत असतो, त्यातलं बरंचसं डोळ्यांनी आणि बोटांनी ऐकलेलं असतं. शिवाय तिच्या टेपमध्ये माउथपीस आणि रीड दोन्हीकडे सारखीच होती, आणि क्लॅरिनेटच्या आवाजाचा पोत सर्वांत आधी तिथे ठरतो. त्याच्याही आधी ठरतो तो वाजवणाऱ्याच्या तोंडाच्या पोकळीत.

पण ती टेप मी पुन्हा ऐकली तेव्हा आठवला तो माझा जबडा.

दुसऱ्यांदा, म्हणजे तिच्या क्लॅरिनेटवर तीच ओळ वाजवताना, मधल्या बी फ्लॅट या सुरापाशी मी ओठांची पकड किंचित सैल केली होती, उजव्या हाताची दोन बोटं उगाचच खालच्या छिद्रांवर टेकवली होती आणि जीभ जरा मागे घेतली होती. हे सगळं इतक्या वर्षांच्या सवयीने झालं की वाजवताना माझ्या ध्यानातही आलं नाही. टेपवर त्याचा मागमूस नव्हता. सूर जागेवर होता, कारण तो मी जागेवर आणला होता. माझ्या वाद्यावर तोच सूर जवळजवळ आपणहून जागेवर बसला होता. टेपने दोन सूर पकडले, ते दोन्ही सारखे निघाले, यात आश्चर्य काही नाही. त्यासाठी कुणी किती कष्ट घेतले हे टेपला कसं कळणार?

क्लॅरिनेट हे मुळातच तडजोडींचं वाद्य आहे. १७०० च्या आसपास न्यूरेंबर्गच्या योहान ख्रिस्तोफ डेनर यांच्या हातून ते आकाराला आलं, तेव्हापासून त्याचा स्वभाव तोच आहे. नळी सरळ, म्हणजे वरपासून खालपर्यंत साधारण एकाच व्यासाची, आणि माउथपीसच्या बाजूने जणू बंद. अशा नळीत दाब वाढवून सूर वर उचलला की तो पुढच्या सप्तकाच्या सा वर जात नाही, थेट त्या सप्तकाच्या पंचमावर जाऊन उभा राहतो. बासरीवाल्याला हे विचित्र वाटतं. या उडीसाठी डाव्या अंगठ्याशी जी रजिस्टर की असते (की म्हणजे छिद्र उघडणारी-मिटणारी धातूची कळ), तिचं एक बारीकसं छिद्र वरच्या सगळ्या सुरांना पुरवावं लागतं. प्रत्येक सुराला ते खरं तर वेगळ्या जागी हवं असतं. त्यातून बहुतेक क्लॅरिनेटवर तेच छिद्र तो मधला बी फ्लॅटही काढून देतं, म्हणून तो सूर जन्मतःच घुसमटलेला. आणि त्याच्या लगेच वरचा बी वाजवायचा तर जवळपास सगळी बोटं एकदम बंद करायची. एका पायरीच्या अंतरासाठी वाद्याची अख्खी लांबी ओलांडायची! नवशिक्यांचं रडं इथेच सुरू होतं.

या तडजोडी कोण किती शहाणपणाने करतो, त्यावर वाद्याचा दर्जा ठरतो. बोरचा, म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचा, व्यास साधारण साडेचौदा ते पंधरा मिलिमीटर, पण चांगल्या क्लॅरिनेटमध्ये तो वरच्या भागात अगदी थोड्या फरकाने टप्प्याटप्प्याने बदलत नेलेला असतो. बुफे क्राम्पों या फ्रेंच कंपनीच्या आर-१३ या क्लॅरिनेटमुळे ही पद्धत जगभर पोचली. रोबेर कारे यांनी १९५० च्या दशकात ते घडवलं आणि आजही कितीतरी ऑर्केस्ट्रांमध्ये ते दिसतं. मग येतात बोटांखालची छिद्रं. महाग वाद्यात प्रत्येक छिद्र आतल्या बाजूने, जिथे ते नळीला मिळतं तिथे, जरासं कोरून रुंद केलेलं असतं. कुठल्या छिद्राला किती कोरायचं हा हिशेब वेगळा, आणि शेवटचा हात बऱ्याचदा माणूसच फिरवतो. त्याने सूर सरळ होतो आणि फुंक सहज आत जाते. खालचा सूर आणि त्याच्या वरचा तो पंचम, ही जोडी जुळवण्यासाठी हा सगळा खटाटोप. साध्या क्लॅरिनेटवर जोडीतला एक जरा चढतो किंवा दुसरा जरा उतरतो, आणि उरलेलं अंतर ओठांनी भरून काढावं लागतं.

एवढं सांगूनही मी म्हणेन की साधं क्लॅरिनेट अजिबात टाकाऊ नसतं. मी स्वतः शिकले ते प्लास्टिकच्याच क्लॅरिनेटवर. एबोनाइटच्या माउथपीसचा तो रबरासारखा वास, सांध्यांच्या कॉर्कला लावायच्या ग्रीसचा चिकटपणा, नव्या रीडची बोरूसारखी कडवट-गोडसर चव, हे सगळं मला त्या वाद्याने दिलं. प्लास्टिक साच्यातून निघतं, त्यामुळे एकदा साचा नीट बनला की छिद्रं दर वेळी नेमक्या जागी येतात. यामाहाच्या वायसीएल-२५५ सारखी वाद्यं म्हणूनच मी कुणालाही निर्धास्तपणे सुचवते. उन्हात, पावसात, गार हॉलमध्ये ती निमूटपणे वाजतात. तडा जाण्याची भीती नाही.

लाकडी वाद्याची भीती मात्र मला चांगलीच ठाऊक आहे. ग्रेनाडिला, म्हणजे टांझानिया-मोझांबिककडचं ते आफ्रिकन ब्लॅकवुड, इतकं घट्ट की पाण्यात टाकलं तर बुडतं. पण आतून श्वासाची गरम दमट हवा आणि बाहेरून थंड कोरडी हवा अशा कात्रीत सापडलं की तेही उकलतं. तडा बहुधा वरच्या भागात जातो, छोट्या छिद्रांच्या आसपास. नवं लाकडी क्लॅरिनेट पहिले काही आठवडे रोज थोडा थोडा वेळच वाजवायचं, दर वेळी आतून नीट पुसायचं, हा नियम मी इतक्या काटेकोरपणे पाळला की घरच्यांना तो आजारी माणसाचा पथ्यपाण्याचा तक्ता वाटावा. त्या लाकडाबद्दल मनात एक अपराधी भावनाही आहे. झाड वाढायला अनेक दशकं लागतात, आणि २०१७ पासून डाल्बर्जिया वंशाच्या सगळ्याच झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, ती २०१९ मधल्या निर्णयाने. बुफेने ग्रीनलाइन नावाची वाद्यं काढली ती याच लाकडाचा भुगा, कार्बन फायबर आणि राळ एकत्र दाबून. बोर आणि छिद्रं अस्सल लाकडी वाद्यासारखीच, आणि तडा जात नाही. बॅकसचं म्हणणं मला सर्वांत जास्त पटतं ते अशी वाद्यं व्यावसायिक वादकांच्या हातात बघताना. तरीही सकाळी केस उघडून ते गार, काळं, किंचित खरखरीत लाकूड हातात घेताना जे वाटतं, ते मला सोडवत नाही. ते कानांचं सुख नाही हे मी मान्य करते.

बोटांचं मात्र आहे. चांगल्या वाद्याच्या की ठोकून घडवलेल्या धातूच्या असतात, त्या सहजासहजी वाकत नाहीत. फार स्वस्त वाद्यांत त्या मऊ मिश्रधातूच्या ओतीव असतात. एकदा केस हातातून निसटली की डाव्या करंगळीची की बाजूच्या कीला घासायला लागते, पॅड, म्हणजे कीखालची छिद्र झाकणारी गादी, छिद्रावर तिरका बसतो आणि खालचा अर्धा भाग मुका होतो. चांगल्या वाद्याच्या वरच्या भागातले छोटे पॅड पुष्कळदा कॉर्कचे असतात. ते ओलाव्याने फुगत नाहीत. चांदीचा मुलामा घामेजल्या बोटाला धरून ठेवतो, निकेलवरून तेच बोट सटकतं. स्प्रिंगचा ताण सगळ्या बोटांना सारखा लागतो. यातली एकही गोष्ट टेपवर ऐकू येत नाही, पण जलद लयीतली तान तीन तास घोटायची असेल तर तिसऱ्या तासाला फरक समजतो.

आता सोप्रानो सॅक्सोफोन.

त्या मुलीने पुढचा प्रश्न विचारला होता तो याबद्दल. क्लॅरिनेट स्वस्तातलं चालतं, तर मग सोप्रानोही स्वस्तातला घेऊ का? दिसायला तो सरळ, क्लॅरिनेटच्या भावंडासारखा. लांबी जवळपास तेवढीच. पण ही दोन्ही वाद्यं शेजारी ठेवून सर्वांत खालचा सूर वाजवून पाहा. नेहमीचं बी फ्लॅट क्लॅरिनेट साधारण १४७ हर्ट्झच्या डी पर्यंत खर्जात उतरतं, आणि तेवढ्याच लांबीचा सोप्रानो २०८ हर्ट्झच्या ए फ्लॅटशी थांबतो. जवळजवळ अर्ध्या सप्तकाचा फरक. कारण सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी आहे, वर अरुंद आणि खाली रुंदावत गेलेली. अडॉल्फ सॅक्स हे स्वतः क्लॅरिनेट वाजवणारे आणि घडवणारे. १८४६ साली त्यांनी पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं, तेव्हा या शंकूमुळे एक मोठी सोय झाली. वर उचललेला सूर सरळ पुढच्या सप्तकाच्या त्याच सुरावर जातो. बोटं तीच, अंगठ्याची की तेवढी दाबायची. नवशिक्याला सॅक्सोफोन सोपा वाटतो तो याचमुळे.

सोय झाली, पण तिची किंमत सोप्रानोला मोजावी लागली. शंकूचं टोक कापल्याशिवाय त्यात फुंकणार कुठून? म्हणून टोक कापायचं आणि त्या गेलेल्या टोकाच्या जागी माउथपीस बसवायचा. त्या माउथपीसच्या आतली पोकळी गेलेल्या टोकाच्या आकारमानाशी जुळली, तरच वरचं आणि खालचं सप्तक एकमेकांशी जुळतं. टेनर या मोठ्या सॅक्सोफोनमध्ये हे टोक मोठं असतं, थोडीफार चूक खपून जाते. सोप्रानोत ते इतकं लहान, की पोकळीत किंचित फरक पडला तरी वरची सप्तकं भलतीकडे जातात. वरचे सूर जितके उंच, तितकी नळी आखूड, आणि छिद्र एक मिलिमीटरही चुकलेलं चालत नाही. क्लॅरिनेटच्या सरळ नळीला भोक पाडणं हे त्या मानाने सोपं काम. पितळेच्या पत्र्यातून अचूक शंकू काढायचा, त्यावर छिद्रांचे काठ उचलायचे, ते सपाट घासायचे, आणि मग प्रत्येक छिद्र पॅडने झाकायचं. सॅक्सोफोनमध्ये बोटाच्या मांसाने थेट बंद होणारं एकही छिद्र नसतं. बोटाचं मांस छिद्राच्या काठाशी जुळवून घेतं, पॅड घेत नाही. तो सरळ बसला तर बसला.

एकदा कुणीतरी बिननावाचा, चकचकीत सोनेरी लॅकरचा सोप्रानो माझ्याकडे घेऊन आलं. बघायला देखणा. दुरुस्तीच्या टेबलावर मी त्याच्या नळीत बारीक दिव्यांची ती लांब पट्टी सोडली आणि खोलीतला दिवा बंद केला. एकेक की हलकेच बंद करत गेले. वरच्या दोन-तीन पॅडपाशी अंधार, मग जी शार्पच्या पॅडच्या कडेने पिवळी रेघ, म्हणजे तिथून हवा गळत होती, त्याखाली आणखी एक, आणि तळाच्या बी च्या पॅडला तर चंद्रकोरीएवढा उजेड. बोट जोरात दाबलं की रेघ मिटायची, सोडलं की परत यायची. खालचा बी वाजवला तर तो गुरगुरून सप्तकभर वर उडायचा. पॅड बदलता आले असते, बदललेही. पण वरचा ए आणि त्याच्या खालच्या सप्तकातला ए एकमेकांशी जुळले नाहीत ते नाहीतच, कारण चूक शंकूत होती आणि शंकू कुणी बदलू शकत नाही. मला त्या वाद्याबद्दल राग नव्हता, वाईट वाटलं ते ते घेणाऱ्याबद्दल. वर्षभर तो समजत होता की आपल्या कानातच दोष आहे.

मला सर्वांत जास्त टोचते ती हीच गोष्ट. शिकलेला वादक वाईट वाद्यालाही सुरात आणतो. जॅझमधले थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांनी १९५३ मध्ये टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये ग्राफ्टन कंपनीचा प्लास्टिकचा अल्टो सॅक्सोफोन वाजवला आणि लोक आजही ते वादन ऐकतात. जॅझमधलेच ऑर्नेट कोलमन यांनी १९५४ मध्ये तसाच प्लास्टिकचा अल्टो घेतला, तो परवडत होता म्हणून, आणि त्यातूनच त्यांचा तो रडवेला, माणसाच्या कंठासारखा सूर घडला. ही उदाहरणं मला फार प्रिय आहेत. पण ती सांगून नवशिक्याच्या हातात काहीही देणं मला क्रूर वाटतं. पार्कर यांच्या कानात सूर पक्का होता, वाद्य जिथे चुकायचं तिथे त्यांचे ओठ आधीच पोचलेले असायचे. नवशिक्याच्या कानात सूर अजून बसायचाय आणि तो बसणार आहे तो समोरच्या वाद्यावरूनच. वाद्य बेसूर असेल तर कान ते बेसूरपण पाठ करतात, आणि पुढे ते काढून टाकायला काही वर्षं जातात. जॅझवादक सिडनी बेशे क्लॅरिनेटवरून सोप्रानोकडे वळले ते १९२० च्या आसपास लंडनमध्ये. त्यांचा तो थरथरता, रुंद कंप ऐकताना मला नेहमी वाटतं, हा माणूस सूर एका ठिकाणी ठेवतच नाही, त्याच्याभोवती फिरतो. पण मध्य कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय असं फिरता येत नाही.

म्हणून दोन्ही वाद्यांना मी एकच माप लावत नाही. क्लॅरिनेटमध्ये साधं आणि व्यावसायिक यांच्यातलं अंतर लांबचं पण चालून जाण्यासारखं आहे. चांगल्या कारखान्याचं प्लास्टिक क्लॅरिनेट, त्यावर खरा एबोनाइटचा उत्तम माउथपीस आणि स्वतःच्या दमाला झेपेल अशी रीड, एवढ्यावर कुणीही काही वर्षं समाधानाने काढू शकतो. जास्तीचे पैसे असतील तर आधी माउथपीसवर घालावेत, मग एखाद्या जाणत्या कारागिराकडून पॅड आणि स्प्रिंग नीट करून घेण्यावर, आणि लाकूड सर्वांत शेवटी. सोप्रानोचं तसं नाही. तिथे साध्याच्या आणि चांगल्याच्या मधल्या पायऱ्या फार थोड्या आहेत आणि खालच्या पायऱ्यांवर उभंच राहता येत नाही. यामाहाचा वायएसएस-४७५ किंवा यानागिसावाचा एखादा साधा सोप्रानो ही माझ्या मते सुरुवात, आणि ती परवडत नसेल तर भाड्याने घ्यावा, नाहीतर वापरलेला पण नीट राखलेला शोधावा, नाहीतर थांबावं आणि तोवर क्लॅरिनेटच वाजवावं. नुसत्या मोठ्या नावावरही जाऊ नये. जुन्या काळचे नामांकित सोप्रानोसुद्धा सुराच्या बाबतीत हट्टी असतात, आणि आजचे मध्यम दर्जाचे काही त्यांच्यापेक्षा शहाणे निघतात.

घ्यायच्या आधी तपासायचं कसं, तर क्लॅरिनेटला सोपं आहे. वरचा भाग सुटा करा, खालचं तोंड तळहाताने बंद करा, छिद्रांवर बोटं ठेवा आणि वरून हवा ओढून घ्या. जीभ चिकटून राहिली, ओढ काही क्षण टिकली, तर पॅड आणि सांधे धड आहेत. सोप्रानोला वेळ द्यावा लागतो. आधी सर्वांत खालचा बी फ्लॅट (हे कागदावर लिहिलेल्या सुराचं नाव, कानाला तो मघाचा ए फ्लॅटच लागतो) अगदी हळू, कुजबुजल्यासारखा वाजवा. मग मधला जी लांब धरून ठेवा, ओठ जसे आहेत तसेच राहू द्या, आणि फक्त अंगठ्याने सप्तक बदला. तसंच ए चं, तसंच बी चं. मग तळहाताच्या कीवरचे डी, ई फ्लॅट आणि एफ. शेजारी सूर मोजणारा ट्यूनर ठेवा, पण काट्याकडे लगेच बघू नका, आधी स्वतःच्या खालच्या ओठाकडे लक्ष द्या. सूर जागेवर ठेवायला तो हलला, आवळला, पुढे सरकला, तर तो सोप्रानो केसमध्ये परत ठेवा आणि दुसरा मागा.